सात गाड्या, बाकी दोन: ती दोन पोरं कुठे गेली?

अनघा_सुदामानगर
मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, हसू नका. चौथीतल्या मुलाच्या गणितावरून आमच्या घरात कालपासून तीन पक्ष पडलेत, म्हणून धागा काढतेय.

उदाहरण असं: महेश्वरच्या सहलीला ८६ मुलं जाणार आहेत. एका गाडीत १२ मुलं बसतात. तर किती गाड्या लागतील?

चिरंजीवांनी सुबक भागाकार मांडला. बारा साते चौऱ्याऐंशी, खाली रेघ, रेघेखाली २. पट्टीने चौकट आखून आत उत्तर: "७, बाकी २". त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण, पैकीच्या पैकी गुण, शेजारी एक स्टार.

मी विचारलं, "मग गाड्या किती सांगायच्या?"
"सात."
"आणि ही दोन?"
"ती बाकी आहेत ना!" आईला एवढंही कळू नये, असा चेहरा.

नवरा म्हणाला आठ. सासूबाई म्हणाल्या सातच, दोन लेकरं कुणाच्यातरी मांडीवर बसतील, सहलीला सीटा कोण मोजतं. शाळेत विचारलं तर टीचर म्हणाल्या, धडा भागाकाराचा आहे, भागाकार बरोबर आहे, म्हणून गुण दिले. आता यात चूक तरी कशी काढणार?

मग मीच दामटून सांगितलं की कुणी उरलं तर आणखी एक गाडी लागते, तेव्हा एक वाढवायचा. झालं! आज पुढचं उदाहरण आलं: ८६ फुलं, एका हाराला १२ फुलं, किती हार होतील? लिहून मोकळा, ८. म्हटलं, आठव्या हारात दोनच फुलं? तर म्हणे, "तूच सांगितलंस एक वाढवायचा."

तर कधी वाढवायचा, कधी सोडून द्यायचा, याचा काही नियम आहे का? आणि हो, इथे इंदूरला शाळेत हिंदीतून "शेषफल", ट्यूशनच्या ताईंकडे "रिमेंडर", घरी आजीची "बाकी". पोराला या तीन वेगवेगळ्या वस्तू वाटतात की काय, अशी मला शंका आहे.

वाचनमात्र
मंगळवार, रात्री ९:५२

आजींशी सहमत.

सियागंजचा_गडी
मंगळवार, रात्री १०:१५

भिया, हे तर आमचं रोजचं काम. दुकानात ५० किलोचं पोतं फोडतो आणि ८०० ग्रॅमची पाकिटं भरतो. बासष्ट पाकिटं होतात, ४०० ग्रॅम उरतात. आता त्रेसष्टावं पाकीट अर्धं भरून विकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंडावर फेकून मारेल. ते ४०० ग्रॅम सुट्ट्या डब्यात जातात. म्हणजे इथे खाली यायचं, बासष्ट.

तीच बासष्ट पाकिटं खोक्यात भरायची, एका खोक्यात २४. दोन खोकी भरली, १४ पाकिटं उरली. माल जर आजच बाहेरगावी जाणार असेल तर तिसरं खोकं काढावंच लागतं, वर रद्दी कोंबून. इथे वर जायचं, तीन.

एकच माल, एकच माणूस, दहा मिनिटांच्या आत एकदा खाली आणि एकदा वर. नियम वगैरे काही नाही, समोर काय उरलंय ते बघायचं.

भागाकारभित्री
मंगळवार, रात्री १०:३१

"ती बाकी आहेत ना!" हहपुवा (हसून हसून पुरेवाट). माझ्या नवऱ्याला घरातली कामं सांगितली की तोही हेच म्हणतो.

ठेकेदार_अण्णा
मंगळवार, रात्री ११:०५

ताई, उगाच डोकं शिणवू नका. साइटवर आमचा एकच नियम असतो: नेहमी वरचा आकडा. उरलं तर पुढच्या कामाला येतं, पण कमी पडलं की काम थांबतं आणि कारागिराची हजेरी अंगावर पडते.

उदाहरण देतो. गच्चीच्या रेलिंगला ३ फुटांचे २६ उभे तुकडे हवेत. पाइप येतो २० फुटी. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. ७८ भागिले २०, तीन पूर्ण आणि वर काही. म्हणजे ४ पाइप मागवायचे. मुलाला हे शिकवा, पुढे पोटापाण्याला उपयोगी पडेल.

सियागंजचा_गडी
मंगळवार, रात्री ११:२०

अण्णा, रागावू नका, पण ४ पाइपांत तुमचं रेलिंग होणार नाही.

२० फुटी पाइपातून ३ फुटांचे तुकडे निघतात सहा. अठरा फूट गेले, उरला दोन फुटांचा दांडका. चार पाइपांचे चोवीस तुकडे झाले आणि असे चार दांडके पायाशी पडले. मोजलं तर दांडक्यांची लांबी आठ फूट भरते, पण त्यातून तीन फुटांचा एकही तुकडा निघत नाही. पाचवा पाइप लागेल.

ठेकेदार_अण्णा
मंगळवार, रात्री ११:४४

मान्य. मोबाईलवरून टंकत होतो, घाई झाली. वेल्डिंगने जोड देता येतो म्हणा, पण रेलिंगच्या उभ्या दांड्याला जोड दिसला की घरमालक शेवटचा हप्ता अडकवतो.

आता विषय निघालाच आहे तर आणखी एक. ४ फुटांचे तुकडे काढले तर २० फुटांत बरोब्बर पाच बसतात, बाकी शून्य. वहीत. प्रत्यक्षात कटरचं पातं प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर खातं, म्हणून पाचवा तुकडा किंचित आखूड निघतो. आमचा फिटर चौथीही शिकलेला नाही, पण तो आधीच विचारतो, "माप बाहेरून का आतून, आणि पातं कोणतं?"

निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी ६:५०

अनघाताई, नियम मागू नका. "एक वाढवायचा" हाही नियमच होता की, आणि त्याने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. नियम हातात पडला की पोरगं उदाहरण वाचणं सोडतं.

माझी नोकरीची पहिली कित्येक वर्षं "प्रश्न नीट वाचा रे" एवढंच ओरडण्यात गेली, उपयोग शून्य. मुलं नीटच वाचत होती, अगदी मोठ्याने वाचत होती. मग एक प्रश्न हाती लागला, तो तेवढा कामाचा निघाला: बाकी दोन, पण दोन काय?

तुमच्या मुलाने सात लिहिले तेव्हा त्या सातला नाव होतं, गाड्या. दोनला नावच नाही. नाव नसलेली वस्तू स्टेशनावरच्या बेवारस पेटीसारखी कोपऱ्यात पडून राहते, तिला कुणी हात लावत नाही. नाव लिहायला लावा: "२ मुलं". दप्तर, पाण्याची बाटली घेऊन दोन मुलं शाळेच्या फाटकाशी उभी आहेत आणि सातवी गाडी निघून चाललीय, एवढं डोळ्यांपुढे आलं की आठवी गाडी तो स्वतःच बोलावेल. हारांच्या गणितात "२ फुलं" लिहिलं की ती परडीत राहिली तरी कुणाचं काही बिघडत नाही, हेही त्यालाच दिसेल.

आता यातली खोच बघा. बाकीला नेहमी भाज्याचंच, म्हणजे ज्याला भागतो त्याचंच, नाव लागतं. मुलं होती, मुलं उरली. फुलं होती, फुलं उरली. पण सातचं नाव बदलत राहतं, आणि घोटाळा तिथे आहे. ८६ लाडू १२ घरांत सारखे वाटले, तर सात काय? दर घरी सात लाडू. उरले दोन, तेही लाडूच. पण ८६ लाडू बारा-बाराच्या डब्यांत भरले, तर सात काय? डबे. आणि उरलेले दोन? डबे नव्हेत, लाडू. पाटीवर ही दोन्ही गणितं जुळ्या भावंडांसारखी दिसतात: तेच ८६, तेच १२, तेच ७, तेच २. एकात वाटणी आहे, दुसऱ्यात गट पाडायचे आहेत. सात आणि दोन एकाच जातीचे समजून ७ अधिक २, म्हणजे ९ गाड्या, असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी मूर्ख समजत असे. आज वाटतं, ती निदान त्या दोनचं काहीतरी करू पाहत होती!

शेवटी शेवटी मी एक उलटा तास घेत असे. फळ्यावर एवढंच लिहायचं: ८६ भागिले १२, भागाकार ७, बाकी २. आणि म्हणायचं, आता याला गोष्ट लावा. एका मुलीने लिहिलं, माझ्या भावाला ८६ महिने झाले, तो किती वर्षांचा? सात वर्षं, दोन महिने. बघा, इथे दोनला सोडायचंही नाही आणि वाढवायचंही नाही, दोघांनाही उत्तरात जागा आहे. दुसऱ्याने दोरी आणली: ८६ मीटर दोरीचे १२ सारखे भाग. उरलेले दोन मीटर पुन्हा कापता येतात, म्हणून सात मीटर आणि वर साधारण १७ सेंटिमीटर. एका व्रात्य मुलाने बारा भावांना ८६ बकऱ्या वाटल्या आणि उरलेल्या दोन कापून त्यांचेही बारा वाटे केले. गणित बिनचूक होतं, वर्गात मात्र दहा मिनिटं दंगा.

आणि सगळ्यात आवडलेलं: आत्ता दुपारचे तीन वाजलेत, ८६ तासांनी घड्याळात किती वाजतील? काट्याच्या पूर्ण सात फेऱ्या झाल्या, त्या सोडून द्या, उरले दोन तास, म्हणून पाच. मी म्हटलं, इथे भागाकार फुकट गेला आणि बाकीच उत्तर झाली. तर मागच्या बाकावरून आवाज आला, "फुकट नाही सर, सात विषम आहेत, म्हणून पहाटेचे पाच." मी त्या दिवशी खडू खाली ठेवला.

भागाकारभित्री
बुधवार, सकाळी ९:१०

मास्तर, दंडवत. तुम्ही माझ्या शाळेत असता तर हे नाव घ्यावं लागलं नसतं.

एक शंका. क्रियेलाही भागाकार म्हणायचं आणि उत्तरालाही भागाकार? हिंदीत निदान "भागफल" वेगळा आहे. इंदूरच्या पोरांचा गोंधळ होणारच.

निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी ९:२५

शंका रास्त आहे. मी वर्गात उत्तराला "वाटा" किंवा "गट" म्हणत असे, जसं गणित असेल तसं. इन्स्पेक्टर आले की भागाकार.

आकडेमोड
बुधवार, दुपारी १:०५

शाळेच्या टीचरना फार बोल लावू नका. हे दुखणं जगभरचं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देशपातळीवर एक चाचणी झाली होती, तेरा वर्षांच्या मुलांची. प्रश्न असा: लष्कराच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, किती बस लागतील? भागाकार केला तर ३१ आणि बाकी १२.

साधारण ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण उत्तर ३२ लिहिणारे फक्त २३ टक्के. २९ टक्क्यांनी "३१ बाकी १२" असं लिहिलं, म्हणजे अनघाताईंच्या चिरंजीवांचे हे थोरले भाऊ. १८ टक्क्यांनी ३१ लिहून बारा सैनिकांना मैदानातच सोडलं. आणि ही चौथीची नव्हे, सातवी-आठवीच्या वयाची मुलं.

फ्रान्समध्ये ग्रनोबलला साधारण त्याच सुमारास याहून कहर झाला होता. लहान मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवर काहीतरी क्रिया करून वय काढून दाखवलं.

काल रात्री भाच्याला सहज विचारलं. ग्वाल्हेरला असतो, पाचवीत. फोनवर दोन सेकंद शांतता आणि मग "छत्तीस." मी म्हटलं, का रे? तर म्हणे, "मामा, गणितात दिलंय म्हणजे उत्तर असणारच ना."

वाचनमात्र
बुधवार, दुपारी १:२०

भाच्याशी सहमत. छत्तीसचा कप्तान शोभून दिसेल.

रामबागचे_काका
बुधवार, सायंकाळी ५:३०

मास्तरांच्या दोरीवरून आठवलं. आमच्या लहानपणी बाकी कुणी टाकत नसे आणि दशांश चिन्ह तर हिशेबात नव्हतंच. बाकी मोडायची. मी तिसरीत होतो तेव्हा नाणी बदलली, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै.

तुमचेच आकडे घ्या. ८६ रुपये, १२ जण. सात-सात रुपये वाटले, दोन रुपये उरले. हे दोन रुपये बारा जणांत जात नाहीत, म्हणून मोडले: बत्तीस आणे. दोन-दोन आणे वाटले, आठ आणे उरले. तेही मोडले: शहाण्णव पै. बारा आठे शहाण्णव. प्रत्येकाला ७ रुपये, २ आणे, ८ पै. पै न् पै वाटली गेली, बाकी शून्य.

आता नातीला हेच गणित सांगितलं, तर तिने लिहिलं ७.१६६६ आणि पान संपेपर्यंत सहाचा आकडा गिरवत बसली. तिला म्हटलं, दशांश चिन्हापुढे तू काय करतेस ठाऊक आहे का? तूही बाकीच मोडतेस, फक्त दर वेळी दहाने. आणि दहाने मोडलं की बाराचा हिशेब कधीच मिटत नाही, कारण बारात तीन आहे आणि दहात तीन नाही. जुन्या नाण्यांत आण्याच्या बारा पै होत्या म्हणून तीन जणांत वाटणी करताना कुणाचा जीव अडकत नसे. आमचे वडील दुकानाच्या पाटीवर हे असलं तोंडीच करत, पावकी, निमकी, औटकी पाठ होती त्यांची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावं लागतं.

आणखी एक. मास्तरांनी घड्याळ सांगितलं, मी पंचांग सांगतो. पाडव्याला संवत्सराचं नाव वाचतात ना? शालिवाहन शकात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. शके १९४७ घ्या: १९४७ अधिक १२, १९५९. साठाने भागलं, ३२ आले, बाकी ३९. एकोणचाळिसावं संवत्सर विश्वावसू. ३२ ला कुणी विचारत नाही. बाकी एक आली की प्रभव, पहिलं. आणि शून्य आली तर? "शून्यावं" संवत्सर नसतं, साठावं, क्षय. आमच्या गुरुजींनी हे शिकवताना एक चापट दिली होती, म्हणून लक्षात आहे.

दांडियाबाजार_बडोदे
बुधवार, रात्री ८:४५

बडोद्याहून हजेरी. धागा झकास चाललाय.

आमच्याकडची गंमत वेगळीच. मुलीला "बाकी तपासून बघ" म्हटलं, तर तिने माझा दुकानातला कॅल्क्युलेटर ओढला. ८६ भागिले १२. आलं ७.१६६६६६६. म्हणाली, "बाकी १६६६६६६." मी म्हटलं, अगं भाजक बारा आहे, बाकी सोळा लाख कशी असेल? बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान. मग मला सुचलं ते केलं: सात वजा केले, उरलेल्या ०.१६६६६६६ ला १२ ने गुणलं. पडद्यावर काय यावं? १.९९९९९९२. मुलगी खूश, "बघा पप्पा, दोनसुद्धा नाही, दोनाला थोडी कमी!"

दोन मुलांतलं एक थोडं कमी कसं, हे तिला कसं समजावू?

निवृत्त_मास्तर
बुधवार, रात्री ९:०५

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर जागा आठ आकड्यांची. पुढचे सहा त्याने कापून टाकले, तेच तुमच्या दोनातून गेले. ०.१६६ ही गाडीची बाकी आहे, एका गाडीचा सहावा हिस्सा. मुलांची बाकी हवी तर तिकडे जाऊच नका. बारा साते चौऱ्याऐंशी, ८६ मधून वजा करा, दोन.

मल्हारगंजची_मावशी
बुधवार, रात्री ९:५०

मास्तर, माझंही एक सोडवा. नातवाला उदाहरण होतं: मंडळाकडे २६०० रुपये आहेत, ३०० रुपयांची एक सतरंजी, किती सतरंज्या येतील आणि किती रुपये उरतील? त्याने दोन्हीकडची दोन-दोन शून्यं उडवली, २६ भागिले ३, आठ सतरंज्या आणि उरले २ रुपये. मी हातावर मोजून सांगतेय की आठ सतरंज्यांचे २४०० झाले, दोनशे उरतात, तर मला म्हणतो, "आजी, झीरो कट करायला टीचरनेच सांगितलंय." खरंच सांगितलंय, वहीत आहे.

सियागंजचा_गडी
बुधवार, रात्री १०:०२

मावशी, शून्यं उडवली तेव्हा रुपयांचे शेकडे झाले. २६ शेकडे, ३ शेकड्यांची एक सतरंजी. सतरंज्या आठच येणार, पण उरले ते दोन शेकडे. मास्तरांचाच प्रश्न: दोन काय? आमच्या शेठच्या पोराने सुट्टीत गल्ल्यावर बसून हीच चूक केली होती. रात्री गल्ला जुळेना, शेठने सगळ्यांचे खिसे तपासले. माझाही.

मल्हारगंजची_मावशी
बुधवार, रात्री १०:१०

अरे देवा. सांगते त्याला. तुझ्या शेठलाही सांग माझ्यातर्फे दोन शब्द.

ठेकेदार_अण्णा
बुधवार, रात्री १०:४०

अवांतर: सतरंज्या आठ घेतल्या तर मंडळात भांडणं होतील, दुकानदाराला नववी दोनशेत द्यायला सांगा. सियागंजचे भाऊ ओळखीने मिळवून देतील.

अनघा_सुदामानगर
गुरुवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. इतका लांबेल असं वाटलं नव्हतं. काल आणि आज काय झालं ते सांगते.

काल संध्याकाळी वही उघडून फक्त विचारलं, "दोन काय?" आधी म्हणाला, "दोन बाकी." पुन्हा विचारलं. "दोन... रिमेंडर." तिसऱ्यांदा विचारल्यावर पेन्सिलचं टोक चावत वहीकडे बघत बसला आणि हळूच म्हणाला, "मुलं." मग आपणच, "म्हणजे ती राहिली?" चौकटीतलं "७, बाकी २" खोडलं आणि "८ गाड्या" लिहिलं. हारांचं उत्तर मी न सांगता ७ केलं, खाली लिहिलं "२ फुलं देवाला".

मला वाटलं सुटलं. पण आज शाळेतून आला तो नवंच घेऊन. म्हणे, आठव्या गाडीत दोघंच बसणार, त्यांना कंटाळा येईल. सात गाड्यांत बारा-बारा आणि एकीत दोन, असं कशाला? त्याने पुन्हा भागाकार मांडला, या वेळी ८६ भागिले ८. दहा-दहा मुलं आणि बाकी ६. "सहा काय?" मी विचारायच्या आत उत्तर तयार: "सहा मुलं. ती सहा गाड्यांत एकेक." म्हणजे सहा गाड्यांत अकरा आणि दोन गाड्यांत दहा. मी पडताळून पाहिलं, सहासष्ट आणि वीस, शहाऐंशी. त्याच्या वडिलांना हे सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आणि मग जेवताना, वरणभात कालवता कालवता, "आई, टीचर कशात बसणार?"

आम्ही तिघंही गप्प! उदाहरणात टीचर नाहीतच. ८६ मुलं एकटीच महेश्वरला निघाली होती, घाटावर, नर्मदेच्या काठी. पुस्तकवाल्यांच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. मग पोळीच्या डब्याच्या झाकणावर बोटाने हिशेब झाला: गाडीमागे एक टीचर, आठ गाड्या, आठ टीचर. अकरा मुलांच्या गाड्या भरल्या. दहा मुलांच्या दोन गाड्यांत एकेक जागा रिकामी.

सासूबाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. ताक पिऊन झालं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्या दोन जागांचं काय ठरलं? मला आणि लोकमान्यनगरच्या वन्संना कधीचं महेश्वरला जायचंय."

निवृत्त_मास्तर
गुरुवार, रात्री ९:३०

त्या मुलाला माझ्याकडून एक स्टार.

वाचनमात्र
गुरुवार, रात्री ९:३४

आजींशी पुन्हा सहमत.